खेळाच्या नियमांवर ऑनलाइन चर्चा करताना गैरसमज झाला तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ‘एका टर्नमध्ये (आपल्या एका पाळीत) दोन स्पेल (जादूचे मंत्र) टाकता येतात का?’ एवढंच तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र रंगवत खेळायचा खेळ) खेळणाऱ्यांना विचारलं होतं. तिघांनी तीन उत्तरं दिली, मग ते एकमेकांवरच घसरले आणि तुमच्या हाती काही लागलं नाही. यावर उपाय काय, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते ते तिघंही खरं सांगत असतील. बघा कसं ते.

2014 च्या नियमपुस्तकानुसार, बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधल्या मुख्य कृतीशिवाय, म्हणजे अ‍ॅक्शनशिवाय, मिळणारी छोटी कृती) वापरून स्पेल टाकलं तर त्याच टर्नमध्ये दुसरं स्पेल टाकता येत नाही. अपवाद फक्त एक अ‍ॅक्शन लागणाऱ्या कॅन्ट्रिपचा, म्हणजे कितीही वेळा टाकता येणाऱ्या साध्या स्पेलचा. म्हणजे हीलिंग वर्ड (बोनस अ‍ॅक्शनने टाकायचं, जखमा भरणारं स्पेल) टाकल्यावर त्याच टर्नला फायरबॉल (अ‍ॅक्शनने टाकायचं आगीचं स्पेल) नाही. पण एखाद्या विझार्डने (जादूगार पात्राने) फाइटरच्याही (योद्ध्याच्याही) लेव्हल घेतल्या असतील आणि अ‍ॅक्शन सर्ज (त्याच टर्नला एक जादा अ‍ॅक्शन देणारी फाइटरची क्षमता) वापरून, बोनस अ‍ॅक्शनला हात न लावता, त्याने लागोपाठ दोन फायरबॉल टाकले, तर त्या पुस्तकातली कुठलीच ओळ त्याला अडवत नाही. 2024 च्या सुधारित पुस्तकात हे सगळं बदललं. तिथे एका टर्नमध्ये स्पेलसाठी एकच स्लॉट (कॅन्ट्रिपहून मोठी स्पेलं टाकण्यासाठी मोजकीच मिळणारी ताकद) खर्च करता येतो, आणि अ‍ॅक्शन सर्जने मिळणारी जादा अ‍ॅक्शन स्पेल टाकण्यासाठी वापरताच येत नाही. शिवाय एक तिसरा नियम तोंडोतोंडी फिरत असतो: ‘एका टर्नला एकच लेव्हलवालं (म्हणजे कॅन्ट्रिप नसलेलं) स्पेल.’ 2014 च्या पुस्तकात असं वाक्यच नाही. मूळ नियम नव्या खेळाडूला पटकन सांगता यावा म्हणून केलेली ती काटछाट आहे, पण काटछाट करताना नियमच बदलला. ज्यांनी खेळ ऐकून शिकला त्यांना हेच वाक्य मूळ नियम वाटतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत आवृत्ती लिहा. ‘फिफ्थ एडिशन’ एवढं पुरत नाही, कारण 2014 आणि 2024 ही दोन्ही पुस्तकं लोक त्याच नावाने ओळखतात. उत्तर देणाऱ्याने आवृत्ती सांगितली नसेल तर वाद घालण्याआधी विचारा, ‘तुम्ही कोणतं पुस्तक बघून सांगताय?’ निम्मे वाद इथेच मिटतात. कधीकधी तर समोरच्याच्या डोक्यात पुस्तकही नसतं, व्हिडिओ गेम असतो. 2023 मध्ये आलेल्या बाल्डर्स गेट 3 मध्ये कौशल्याच्या चाचणीत वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की हमखास यश मिळतं. 2014 च्या पुस्तकात मात्र वीसचा तो मान अटॅक रोलला (हल्ल्यासाठी टाकलेल्या फाशाला) आहे, कुलूप उघडण्याच्या चाचणीला नाही. तो गेम खेळून टेबलावर आलेला माणूस पूर्ण खात्रीने चुकीचं सांगतो. त्याला ‘आधी पुस्तक वाच’ म्हणून झिडकारणं मला अजिबात पटत नाही. ही समजूत कुठून आली असेल ते सांगितलं की तो लगेच ऐकतो.

आवृत्ती एकच असली तरी भांडण होतं, आणि ते जास्त चिवट असतं. कारण एकाच वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात: पुस्तकात काय लिहिलंय, लिहिणाऱ्यांना काय म्हणायचं होतं, आणि आपण टेबलावर काय करावं. 2014 मधली इनव्हिजिबल (अदृश्य) ही कंडिशन (पात्राची अवस्था) घ्या. तिच्यात दोन मुद्दे वेगवेगळे लिहिलेत. एक, विशेष ज्ञानेंद्रिय किंवा जादू नसेल तर तुम्ही दिसत नाही. दोन, तुमच्यावरच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा) आणि तुमच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज (जास्त आकडा धरायचा). समोरच्याने सी इनव्हिजिबिलिटी (अदृश्य गोष्टी दाखवणारं स्पेल) टाकलं तर पहिला मुद्दा निकालात निघतो, पण दुसऱ्या मुद्द्यात ‘दिसत नसाल तर’ अशी अटच नाही. म्हणजे अक्षरशः वाचलं तर तुम्ही समोरच्याला लख्ख दिसत असूनही फायदा तुमचाच. आता एकजण म्हणतो, ‘फायदा मिळतो.’ दुसरा म्हणतो, ‘काहीतरीच काय, तो दिसतोय ना!’ पहिला शब्द वाचतोय, दुसरा टेबलावर काय करावं ते सांगतोय. त्यांच्यात मतभेद नाहीच, पण असे वाद पन्नास प्रतिसादांपर्यंत रंगतात. (2024 मध्ये ‘जो तुम्हाला पाहू शकतो त्याच्याविरुद्ध हा फायदा नाही’ असं स्पष्ट घातलंय, त्यामुळे इथेही आवृत्तीचा प्रश्न आलाच.)

तेव्हा तुम्हाला तिन्हींपैकी काय हवंय ते सरळ लिहा. ‘मला फक्त लिहिलेला नियम हवाय, आमचा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) काय ते नंतर ठरवेल’ ही एक ओळ फार कामाची आहे. ती नसेल तर कुणीतरी हमखास लिहितं, ‘डीएम म्हणेल तसं.’ खेळाच्या प्रत्येक प्रश्नाला हे उत्तर लागू पडतं, म्हणूनच ते उत्तर नव्हे. अनेकदा विचारणारा स्वतःच डीएम असतो आणि निर्णय घेण्याआधी त्याला नियम समजून घ्यायचा असतो.

नियम आठवणीतून मांडू नका, ओळ जशीच्या तशी उतरवा. स्नीक अटॅक (‘रोग’ या चोरट्या पात्राचा जास्त इजा करणारा हल्ला) ‘टर्नमध्ये एकदा’ असं लिहिलंय, ‘राउंडमध्ये (सगळ्यांच्या टर्नच्या एका फेरीत) एकदा’ असं नाही. त्यामुळे रोगने स्वतःच्या टर्नला तो वापरला आणि मग शत्रूच्या टर्नला ऑपॉर्च्युनिटी अटॅकची (शत्रू दूर जाताना करता येणाऱ्या हल्ल्याची) संधी मिळाली, तर बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तेव्हा तो पुन्हा मिळतो. आठवणीतून लिहिणाऱ्याच्या हातून हा एक शब्द सहज बदलतो आणि पुढची सगळी चर्चा नसलेल्या नियमावर होते.

एवढं करूनही कुणी तुमच्या बोलण्याचा भलताच अर्थ लावला, तर तेच वाक्य अधिक जोरात पुन्हा लिहू नका. त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत मांडून विचारा: ‘म्हणजे तुमच्या मते इनव्हिजिबलचा दुसरा मुद्दा पहिल्यावर अवलंबून आहे, बरोबर?’ तो ‘हो’ म्हणाला तर वाद नेमका कुठे आहे ते कळलं. ‘नाही’ म्हणाला तर तो स्वतःच नीट सांगतो. लिहिताना आवाज आणि चेहरा दिसत नाही, त्यामुळे साधी शंकाही टोमणा वाटते. मी ‘पण’ने वाक्य सुरू करायचं टाळतो आणि आधी जे मान्य आहे ते लिहितो. दोन फेऱ्यांनंतरही माणूस तिथेच असेल तर ‘आपण ही ओळ वेगळी वाचतोय’ असं लिहून मी थांबतो. काही ओळी खरोखरच दोन्ही अर्थांनी वाचता येतात.

तुमच्या मूळ चर्चेचं म्हणाल तर तिथे परत जा आणि प्रश्नात तीन गोष्टी घाला: तुमच्या टेबलावर कोणतं पुस्तक आहे, कोणती दोन स्पेलं टाकायची आहेत, आणि त्यातलं कोणतं बोनस अ‍ॅक्शनचं आहे. एवढ्या माहितीवर उत्तर एकच येतं.