भाड्याच्या घरात बॉयलर आहे, पण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाही: जबाबदारी कोणाची?

प्रश्न: आम्ही सप्टेंबर 2021 पासून इंग्लंडमध्ये लेस्टर येथे दोन बेडरूमच्या घरात भाड्याने राहतो आणि दरवर्षी कराराचे नूतनीकरण करतो. गॅसचा बॉयलर लहान बेडरूममधल्या कपाटात बसवलेला आहे. दोन महिन्यांपूर्वी माझी आई नाशिकहून आली असून ती त्याच खोलीत झोपते. गेले काही दिवस सकाळी उठल्यावर तिचे डोके दुखते आणि मळमळते, पण बाहेर फिरून आली की तिला बरे वाटते. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाही. घरमालकाच्या एजंटला विचारले असता तो म्हणाला की आमचा करार नव्या नियमाच्या आधीचा असल्याने तो नियम आम्हाला लागू नाही, शिवाय बॉयलरची वार्षिक तपासणी झालेली आहे, आणि अलार्म हवाच असेल तर तो आम्ही विकत घ्यावा. जास्त ताणले तर पुढच्या वर्षी करार वाढवला जाणार नाही, असेही त्याने सुचवले. तपासणीचा कागद आम्ही कधीच पाहिलेला नाही. ग्लासगोमध्ये राहणारा मित्र म्हणतो की अलार्म प्रत्येक घरात सक्तीचा आहे. खरे काय, आणि घर न गमावता हे कसे सोडवावे?

उत्तर: कायदा आपल्या बाजूचा आहे आणि एजंटचे तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत. तरीही त्याविषयी सविस्तर सांगण्याआधी आपल्या आईंविषयी बोलणे मला भाग आहे, कारण आपल्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट एजंटचे उत्तर नसून त्यांची सकाळची डोकेदुखी आहे.

गॅस पूर्ण न जळाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतो. घरात असताना डोके दुखणे व मळमळणे आणि बाहेर पडल्यावर बरे वाटणे, ही या विषबाधेची नेहमीची खूण आहे. त्रासाचे कारण दुसरेही असू शकेल, पण ते तपासून कळेपर्यंत कारण हेच आहे असे धरून चाला. हे उत्तर वाचताच बॉयलर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना घराबाहेर काढा आणि गॅसच्या राष्ट्रीय आपत्कालीन सेवेला 0800 111 999 या क्रमांकावर दूरध्वनी करा. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते. त्यांचा माणूस घर सुरक्षित करतो, गरज पडल्यास गॅसपुरवठा बंद करतो, मात्र बॉयलरची दुरुस्ती तो करत नाही. ते काम घरमालकाचे आहे.

त्याच दिवशी आईंना रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा संशय असल्याचे तिथे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण न सांगितल्यास ही तपासणी सुचेलच असे नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन यांतला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही आणि तो आकडा उत्तम दाखवू शकतो. त्यासाठी रक्ताचीच तपासणी लागते, आणि तीही लवकर, कारण स्वच्छ हवेत रक्तातले हे प्रमाण साधारण चार-पाच तासांत निम्म्यावर येते. भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांना खर्चाच्या धास्तीने रुग्णालयात न नेण्याची चूक आपल्यापैकी अनेकांकडून होते, म्हणून हेही स्पष्ट करतो: आपत्कालीन विभागातील उपचारांसाठी परदेशी पाहुण्यांकडूनही शुल्क घेतले जात नाही. रुग्णाला दाखल करून घेतल्यास पुढील खर्चाचा प्रश्न येतो. त्यासाठी प्रवास विम्याचे कागद हाताशी ठेवा, पण त्या विचाराने जाणे लांबणीवर टाकू नका.

आता नियमाकडे वळू. इंग्लंडमध्ये धूर व कार्बन मोनॉक्साइड अलार्मविषयीची नियमावली 2015 साली आली. तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म केवळ कोळसा किंवा लाकूड यांसारखे घन इंधन जाळणाऱ्या उपकरणांच्या खोलीत सक्तीचा होता, त्यामुळे गॅसचे बॉयलर त्यातून सुटले होते. ही उणीव 2022 च्या दुरुस्तीने दूर केली. 1 ऑक्टोबर 2022 पासून राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ज्या खोलीत इंधन जाळणारे कोणतेही स्थिर उपकरण आहे, तिथे अलार्म बसवणे घरमालकावर बंधनकारक आहे. अपवाद फक्त गॅसच्या शेगडीचा आहे. शोभेपुरती उरलेली, न पेटणारी जुनी फायरप्लेसही यात मोडत नाही. आपल्याकडे मात्र चालू बॉयलर आहे आणि त्याच खोलीत माणूस झोपतो. बॉयलर कपाटात आहे, खोलीत नाही, असा युक्तिवाद पुढे केला जाण्याची शक्यता मला दिसते. पण ते कपाट बेडरूममध्येच उघडते, आणि ज्या नियमाचा हेतू झोपलेल्या माणसाला जागे करणे हा आहे, त्याच्यापुढे कपाटाच्या दाराची सबब टिकू नये, असे माझे मत आहे.

करार जुना असल्याचा मुद्दा सर्वांत सहज खोडता येतो. हे बंधन करार कधी झाला यावर नसून घरात भाडेकरू राहत आहेत का यावर अवलंबून आहे. 1 ऑक्टोबर 2022 नंतरच्या ज्या काळात भाडेकरारान्वये घरात कोणी राहते, त्या सर्व काळात अलार्म असलाच पाहिजे. एजंटचा गोंधळ बहुधा दुसऱ्या एका तरतुदीमुळे झाला असावा. नव्या भाडेकराराच्या पहिल्या दिवशी अलार्म चालतो की नाही हे तपासण्याचे वेगळे कर्तव्य घरमालकावर आहे, आणि त्याच घरातल्या त्याच भाडेकरूचे नूतनीकरण म्हणजे त्या अर्थाने नवा करार नव्हे. पण त्यामुळे पहिल्या दिवशीची तपासणी तेवढी बाजूला पडते. अलार्म बसवण्याचे कर्तव्य तसेच राहते.

वार्षिक तपासणीने अलार्मची गरज संपते, हेही खरे नाही. ते कर्तव्य 1998 च्या गॅस सुरक्षा नियमावलीतून येते, म्हणजे दोन स्वतंत्र कायदे आहेत आणि एक पाळल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही. शिवाय तपासणी झाल्याचे जो सांगतो त्याने कागद दाखवला पाहिजे. गॅस सेफ या गॅस अभियंत्यांच्या अधिकृत नोंदवहीत नाव असलेल्या अभियंत्याकडून दर बारा महिन्यांनी तपासणी करून घेऊन तिच्या नोंदीची प्रत राहत्या भाडेकरूला 28 दिवसांच्या आत देणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याला चार वर्षांहून अधिक काळात एकही प्रत मिळालेली नसेल, तर ती तपासणी झाली असे मी गृहीत धरणार नाही, आणि आपणही धरू नये. प्रत मिळाल्यास तिच्यावरील अभियंत्याचा परवाना क्रमांक गॅस सेफच्या नोंदवहीत पडताळून पाहा. प्रत मिळालीच नाही, तर आरोग्य व सुरक्षा कार्यकारी विभागाकडे तक्रार करता येते. हे कर्तव्य न पाळणे हा गुन्हा आहे.

अलार्म विकत घेण्याविषयी मात्र माझा सल्ला आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल: तो आजच घ्या. एजंटचे बरोबर आहे म्हणून हे सांगत नाही, तर कायद्याची गती या वायूच्या गतीपेक्षा फार मंद आहे म्हणून सांगतो. बीएस ईएन 50291 हे मानक छापलेला अलार्म निवडा. हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत 50 भाग झाल्यास असा अलार्म 60 ते 90 मिनिटांत वाजतो, 300 भाग झाल्यास 3 मिनिटांच्या आत. तो निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे बसवा. साधारणतः डोक्याच्या उंचीवर, बॉयलरपासून 1 ते 3 मीटर अंतरावर ही जागा योग्य मानली जाते. पावती जपून ठेवा आणि एजंटला लिहून कळवा की हा अलार्म आपण केवळ तातडीची खबरदारी म्हणून घेतला आहे, त्यामुळे घरमालकाचे कर्तव्य संपत नाही, आणि खर्चाची भरपाई आपल्याला हवी आहे. ही रक्कम भाड्यातून परस्पर वळती करू नका. या नियमावलीत तशी मुभा नाही, आणि थोड्या पौंडांसाठी थकबाकीदार ठरण्याची संधी समोरच्याला देणे शहाणपणाचे नाही.

आजवरचे बोलणे दूरध्वनीवर झाले असेल तर आता ते कागदावर आणा. एजंटला आणि शक्य असल्यास थेट घरमालकाला ईमेल पाठवा. घरमालकाचा पत्ता ठाऊक नसेल, तर 1985 च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या कलम 1 अन्वये तो एजंटकडे लेखी मागा. 21 दिवसांत त्याने तो दिला पाहिजे. ईमेलमध्ये राग नको, वर्णन हवे: बॉयलर कोणत्या खोलीत आहे, तिथे कोण झोपते, अलार्म नाही, त्रास कधी सुरू झाला, आपत्कालीन सेवेने काय नोंदवले, एजंटने कोणत्या तारखेला काय सांगितले. शेवटी तीन मागण्या करा: 2022 च्या दुरुस्तीनुसार अलार्म, तपासणीच्या नोंदीची प्रत आणि बॉयलरची तातडीने दुरुस्ती. उत्तरासाठी सात दिवसांची मुदत द्या. सोबत खोलीची, बॉयलरची आणि कपाटाची छायाचित्रे जोडा.

मुदत उलटली तर नगर कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाकडे तक्रार करा. नियमभंग झाल्याचे मानण्यास सबळ कारण आहे असे कौन्सिलला वाटले की 21 दिवसांच्या आत तिने घरमालकाला सुधारणेची नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून 28 दिवसांत घरमालकाने अलार्म बसवावा लागतो. तरीही न बसवल्यास कौन्सिल आपल्या संमतीने तो स्वतः बसवून देते आणि घरमालकाला 5,000 पौंडांपर्यंत दंड करू शकते. या मुदती एकापुढे एक मांडल्या तर किती आठवडे जातात ते आपल्या लक्षात येईल. आजच अलार्म घ्या, असे मी वर म्हटले ते याचसाठी.

बॉयलर खरोखर सदोष निघाला, तर प्रकरण अलार्मपुरते राहत नाही. घर राहण्यास योग्य ठेवण्याचे कर्तव्य 2018 च्या कायद्याने घरमालकावर टाकले आहे आणि कार्बन मोनॉक्साइड हा त्यासाठी मोजल्या जाणाऱ्या धोक्यांपैकी एक आहे. त्या आधारे भाडेकरूला कौन्सिलची वाट न पाहता काउंटी कोर्टात दाद मागता येते. आई भाडेकरू नाहीत, म्हणून त्यांना हक्क नाही असे कोणी सांगितल्यास ते मानू नका. सदोष वास्तूंविषयीच्या 1972 च्या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे, दुरुस्तीची जबाबदारी असलेल्या घरमालकाचे कर्तव्य त्या दोषाचा फटका बसू शकेल अशा सर्वांप्रती असते, आणि घरात राहायला आलेली आई त्यात निश्चितच येते. भरपाईसाठी मात्र दोष आणि त्रास यांचा संबंध सिद्ध करावा लागतो.

करार न वाढवण्याच्या धमकीने आपण सर्वाधिक अस्वस्थ झाला आहात, हे पत्राच्या शेवटच्या ओळीवरून जाणवते. तिचे उत्तर 2025 च्या भाडेकरू हक्क कायद्यात आहे. कारण न देता घर रिकामे करून घेण्याची, 1988 च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम 21 ची वाट इंग्लंडमधील खासगी भाडेकरूंसाठी 1 मे 2026 पासून बंद होते, आणि त्याच दिवसापासून ठरावीक मुदतीचे करार बेमुदत होतात. म्हणजे नूतनीकरण नावाची गोष्टच राहत नाही, मग ते नाकारण्याचा प्रश्न कुठला? त्यानंतर घरमालकाला कायद्यात दिलेले एखादे कारण दाखवूनच ताबा मागता येतो. घर विकायचे आहे किंवा स्वतः राहायचे आहे, ही कारणे त्यात आहेत, पण त्यांसाठी चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते. भाड्याची मोठी थकबाकी हेही त्यातलेच एक कारण आहे. म्हणून भांडण कितीही चिघळले तरी भाडे ठरल्या तारखेला भरत राहा. या तारखेपूर्वीच्या कलम 21 च्या नोटिशीचा कागद हाती पडला असेल, तर घर सोडण्याआधी तो सॉलिसिटरला दाखवा. अशा अनेक नोटिशी मुळातच सदोष असतात.

आपल्या मित्राचेही चूक नाही, फक्त तो दुसऱ्या कायद्याखाली राहतो. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून बॉयलर किंवा धुराड्यासारखी सोय असलेल्या प्रत्येक घरात हा अलार्म आवश्यक आहे, मग घर भाड्याचे असो वा स्वतःचे. इंग्लंडचा हा नियम भाड्याच्या घरांपुरता आहे. पुढे येथे स्वतःचे घर घ्याल तेव्हा जुन्या बॉयलरसाठी अलार्म लावा असे सांगायला कोणी येणार नाही, तो आपणच लावावा लागेल.

घरमालकाने अलार्म बसवल्यावर त्याची बटणावरची चाचणी दरमहा करणे आणि सेल बदलणे हे सहसा आपल्याकडे राहील. सेल बदलूनही तो वाजत नसेल तर लेखी कळवा, म्हणजे तो दुरुस्त करणे किंवा बदलणे पुन्हा घरमालकाचे काम ठरते.

शेवटचा मुद्दा आईंच्या परतीचा. शारीरिक इजेच्या दाव्याला येथे साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, पण रक्त तपासणीचा अहवाल, तपासणीची वेळ आणि डॉक्टरांची टिपणे यांच्या प्रती त्या नाशिकला जाण्यापूर्वीच रुग्णालयाकडून मागून घ्या. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला आणि त्या किती वाजता उठत व बाहेर जात, हेही त्यांच्याच शब्दांत लिहून त्यावर त्यांची सही व तारीख घ्या. त्या गेल्यानंतर हे पुरावे मिळवणे फार अवघड होईल.