वाचकांचे प्रश्न : मचाणावरचा 'खाड्' आवाज

प्रश्न : धाकटा भाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. नोव्हेंबरच्या हरणांच्या हंगामात तो मला सोबत नेणार आहे. त्याची रायफल एआर-१५ धर्तीची सेमी-ऑटोमॅटिक आहे. मचाणावर बसून बोल्ट (काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा सरकता भाग) सोडला की 'खाड्' असा आवाज होतो आणि जवळपास असलेले जनावर बिचकते. म्हणून गेल्या वर्षी त्याने बोल्ट हाताने धरून अलगद पुढे नेला. नंतर हरीण समोर आल्यावर चाप ओढला, तर नुसते 'टक्' झाले. आवाज न करता रायफल भरायची खात्रीची रीत कोणती? आणि टुरिस्ट व्हिसावर मला ती हाताळता येईल का?
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ते 'टक्' आणि आधीचा 'खाड्' यांचे मूळ एकच आहे. बोल्ट मागे ओढला की त्यामागची स्प्रिंग दाबली जाते. सोडल्यावर त्या जोरात बोल्टला एका फटक्यात बरीच कामे करायची असतात. मॅगझिनमधले (काडतुसांच्या पेटीतले) वरचे काडतूस पुढे ढकलायचे, ते उतारावरून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोलगट भागात सारायचे, काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी काडतुसाच्या कडेवर चढवायची आणि शेवटी बोल्टचे डोके फिरवून दाते कुलपात बसवायचे. सगळ्यात जास्त जोर शेवटच्या दोन कामांना लागतो. हाताने धरून आणलेला बोल्ट नेमका तिथेच, दोन-तीन मिलिमीटर आधी, थांबतो. कुलूप पूर्ण लागलेले नसले की या रायफलचा फायरिंग पिन प्रायमरपर्यंत (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोका बसताच पेटणाऱ्या टिकलीपर्यंत) पोचत नाही. घोडा पडतो, 'टक्' होते, गोळी सुटत नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे. बोल्टला कुलूप नसताना काडतूस उडाले, तर पितळी कवच फुटून गरम वायू मागे, तोंडाच्या बाजूला येईल.

म्हणून पहिला उपाय वेळेचा. उजाडायच्या पाऊण तास आधी मचाणावर पोचा आणि तेव्हाच रायफल भरा. पायांचा आणि शिडीचा आवाज तेव्हा झालेलाच असतो, त्यात आणखी एका आवाजाने फारसे बिघडत नाही. पुढे अर्धा तास शांतता राहिली की रान पुन्हा हलू लागते. हे जमत असेल तर बोल्ट सरळ सोडून द्यावा. कुलूप बसण्याची सर्वांत भरवशाची रीत तीच आहे.

मात्र 'मग गाडीपाशीच भरून नेतो' असे करू नये. मचाणावर चढताना-उतरताना रायफल रिकामीच हवी. मॅगझिन काढलेले, बोल्ट मागे अडकवलेला, नळीचे तोंड खाली, अशी ती दोरीने वर ओढायची आणि त्या वेळी खाली कोणी उभे राहायचे नाही. वर बसून सुरक्षा-पट्टा बांधल्यावर नळीत माती किंवा बर्फ गेला नाही ना ते बघायचे आणि मगच मॅगझिनला हात लावायचा.

उशीर झाला आणि आवाज करून चालणारच नसेल, तर पुढची रीत वापरा. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर, हे शेवटपर्यंत. मॅगझिन बसवताना त्याचे सोडायचे बटण दाबून धरा, मॅगझिन पूर्ण वर गेले की बटण हळूच सोडा आणि मॅगझिन खाली ओढून पक्के बसल्याची खात्री करा. यामुळे खटका वाजत नाही. आता चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) पूर्ण मागे ओढून धरा आणि बोल्ट कॅचचा (बोल्ट मागे अडकवून ठेवणाऱ्या खिळीचा) वरचा भाग दाबा. स्प्रिंगचा सगळा भार हातावर येईल. तो सांभाळत बोल्ट पुढे जाऊ द्या आणि हँडल जागेवर दाबून बसवा. मग उजव्या बाजूचे फॉरवर्ड असिस्टचे (बोल्ट पुढे रेटायचे) बटण अंगठ्याने, गरज पडली तर तळव्याने, घट्ट दाबा. ते दाबले की बोल्टचा उरलेला प्रवास होतो आणि नखी कडेवर चढते. ज्या रायफलींना हे बटण नसते, त्यांच्यात काडतूस बाहेर पडायच्या खिडकीतून बोल्टच्या कॅरिअरवरची (बोल्ट ज्यात बसतो त्या भागावरची) खोबण दिसते, तिथे अंगठा टेकवून पुढे रेटता येते.

एवढ्यावर थांबू नका, भावाचे चुकले ते इथेच. कॅरिअर आणि चेंबरचे तोंड यांच्यात फट दिसता कामा नये. हँडल साधारण एक सेंटिमीटर मागे घेऊन पितळ दिसते का बघा, मग पुन्हा बटण दाबून बंद करा. अंधारात आणखी सोपी खूण आहे. दुहेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये वरचे काडतूस डावीकडे आहे की उजवीकडे, ते बसवण्याआधी बोटाने चाचपून ठेवा. बोल्ट बंद झाल्यावर मॅगझिन काढून पुन्हा चाचपा. वरचे काडतूस दुसऱ्या बाजूला गेले असेल तर एक चेंबरमध्ये गेले आहे. त्याच बाजूला असेल तर चेंबर रिकामे आहे.

बटण दाबूनही बोल्ट बसत नसेल तर ठोकू नका. काडतुसाला पोचा असतो, चेंबरमध्ये काजळी साठलेली असते किंवा बर्फाचा कण अडकलेला असतो. ठोकून ते आणखी घट्ट अडकते. ते काडतूस बाहेर काढा, दुसरे घ्या. मॅगझिनही काठोकाठ भरू नका. बोल्ट बंद असताना गच्च भरलेले मॅगझिन वर चढत नाही, मग ते ठोकावे लागते आणि आवाज होतोच. एक-दोन काडतुसे कमी ठेवा. काही राज्यांत शिकारीच्या वेळी मॅगझिनमध्ये किती काडतुसे चालतात यावर मर्यादा आहे, ती त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघावी.

सर्वच सेमी-ऑटोमॅटिक एकसारख्या नसतात. ब्राउनिंग बार सारख्या रायफलीत हँडल बोल्टलाच जोडलेले असते, त्यामुळे तळव्याने हँडल पुढे रेटले की काम होते. रुगर १०/२२ सारख्या पॉइंट टू-टूमध्ये मात्र कुलूपच नाही, बोल्टचे वजन आणि स्प्रिंग यांच्यावरच सगळे भागते. तिथे बोल्ट अर्धवट राहिला तर कवच फुटायचा धोका खरा आहे, म्हणून तो हळू आणण्याचा प्रयोग तिच्यावर करू नये. हरणासाठी ती रायफल तशीही नाही.

सेफ्टीचा, म्हणजे चाप अडवून ठेवणाऱ्या खटक्याचा, आवाज विसरला जातो. हरीण पन्नास पावलांवर असते तेव्हा बोल्टपेक्षा तोच घात करतो. एआरचा सेफ्टीचा खटका अंगठा आणि बोट यांच्यात चिमटीत धरून फिरवा. आरपार बटण असेल तर ते दोन्ही बाजूंनी धरून सरकवा. खिडकीवरचे झाकण बंद करतानाही बोट टेकवून दाबा.

संध्याकाळी रायफल रिकामी करताना बाहेर पडलेले काडतूस दुसऱ्या दिवशी पुन्हा वर घालायची सवय अनेकांना असते. एआरचा फायरिंग पिन मोकळा असतो, त्यामुळे बोल्ट बंद होताना तो प्रायमरला दर वेळी हलकासा टोचतो. शिवाय वारंवार आपटून गोळी कवचात आत सरकू शकते आणि मग दाब वाढतो. एक-दोनदा चेंबरमध्ये जाऊन आलेले काडतूस वेगळे काढावे. प्रायमरवर ठळक खड्डा किंवा लांबीत फरक दिसला तर ते वापरूच नये.

ठाण्याच्या हवेत राहणाऱ्याला न सुचणारी गोष्ट म्हणजे थंडी. शून्याखाली दाट तेल गोठल्यासारखे होते आणि बोल्ट मंदावतो. तेल पुसून पातळ तेलाचा हलका हात द्यावा. गार रायफल उबदार घरात आणली की तिच्यावर दव धरते, सकाळी बाहेर तेच गोठते. ती कुलूपबंद पण गार जागी ठेवावी किंवा पूर्ण कोरडी करून मगच बाहेर न्यावी.

आता व्हिसाचे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार टुरिस्ट व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. भावाची रायफल असली तरीही नाही. मात्र तिथल्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते. म्हणून परवाना आधी काढा, तो खिशात असल्याशिवाय सरावासाठीही रायफल हातात घेऊ नका. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम लागतो. तो नसेल तर अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताच्या अंतरात राहून शिकार करण्याची तरतूद आहे. कमरेवरचे निम्मे तरी बाह्य कपडे झगझगीत केशरी किंवा गुलाबी हवेत.

इथे सराव करता येईल का, हेही मनात आले असेल. सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्याकडे प्रतिबंधित शस्त्रांत मोडते, त्यामुळे तिच्यावर नाही. शूटिंग रेंजवर एअर रायफल घेऊन नळीची दिशा आणि चापाबाहेरचे बोट या दोन सवयी मात्र अंगी बाणवता येतात.

प्रश्न : कर्जतजवळ आमच्या भातात रानडुकरे घुसतात. काकांकडे परवान्याची बारा बोअर आहे. एखादे मारले तर चालेल का?
— पनवेल

उत्तर : नाही. बंदुकीचा परवाना, मग तो पीकसंरक्षणासाठी दिलेला असला तरी, जनावर मारण्याची परवानगी नसतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे आणि फासा, सापळा, विष, आमिष हे सगळे 'शिकार' या व्याख्येतच येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ खाली वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा असतो. तो लगेच द्या, सातबारा आणि फोटो जोडा, आणि पंचनामा होईपर्यंत लोळवलेले भात तसेच राहू द्या.

प्रश्न : परदेशातल्या रेंजवरून आठवण म्हणून एखादे रिकामे काडतूस आणले तर?
— ऐरोली

उत्तर : आणू नका. शस्त्र कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. जिवंत काडतूस सामानात सापडले तर विमानतळावर थेट गुन्हा नोंदवला जातो. 'जाणीवपूर्वक बाळगले नव्हते' या मुद्द्यावर न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तोवर विमान चुकते आणि कोर्टाच्या फेऱ्या सुरू होतात. बहुतेक वेळा ते उसन्या जाकिटात राहिलेले असते. परतीच्या आदल्या दिवशी सगळे खिसे उलटे करा, अस्तराची शिवण बोटांनी चाचपा आणि पाठपिशवीच्या तळाची फळी उचलून बघा. रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला न घेणे सगळ्यात बरे.