ग्लासगोला जाताना ओलान्झापिनचं काय करायचं

काकू, तुम्ही विचारलंत की मुलगा सप्टेंबरमध्ये ग्लासगोला एम.एस्सी.ला निघालाय, तीन वर्षं रोज रात्री ओलान्झापिन १० मि.ग्रॅ. ही मानसिक आजारावरची गोळी घेतोय, आणि विट्याचे पाहुणे म्हणतात व्हिसा अडकेल, आधी गोळी सोडवा. मी मिरजेचा. ग्लासगोत नऊ वर्षं झाली आणि हीच गोळी मीही घेतो. पाहुण्यांचं मनावर घेऊ नका. व्हिसासाठी टीबीची तपासणी लागते. माझ्या अर्जात या गोळ्यांबद्दल एक ओळही नव्हती.

सोडायचा उद्योग मी करून बसलोय. दुसऱ्या वर्षी बरं वाटत होतं, म्हणून परस्पर बंद केली. आधी झोप गेली, मळमळ सुरू झाली. मग चार-सहा आठवडे अगदी ठणठणीत. फसायला होतं ते तिथेच! तिसऱ्या महिन्यात शेजारचे भिंतीपलीकडून माझ्याबद्दलच बोलतात अशी खात्री पटली, आणि नोकरी गेली. ही नशेची गोळी नाही. स्किझोफ्रेनियात आणि बायपोलरच्या उन्मादात ती मेंदूतल्या डोपामिनचा जोर आवरते. कमी करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू, आणि नव्या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात तर नकोच.

तीन महिन्यांच्या गोळ्या मूळ पाकिटातच, हातातल्या बॅगेत ठेवा. सांगलीच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या: आजार, कधीपासून, डोस, औषधाचं मूळ नाव. आपल्याकडचा ब्रँड इकडच्या फार्मसीत कुणी ओळखत नाही. झोपेसाठी क्लोनाझेपाम असेल तर पत्रात तेही लिहून घ्या, कारण ते इथे नियंत्रित औषध आहे आणि तीन महिन्यांहून जास्त साठा आणायला परवाना लागतो.

इथे पोचल्याच्या आठवड्यातच जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं. व्हिसासोबत आरोग्यसेवेचा अधिभार भरावा लागतो, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. पण स्कॉटलंडमध्ये चिठ्ठीवरची औषधं फुकट मिळतात. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळायला मला पाच महिने लागले. तोवर जीपीने ते पत्र बघूनच गोळ्या चालू ठेवल्या.

घड्याळातल्या साडेचार तासांच्या फरकाची काळजी नको. औषध शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण ३० तास लागतात. इथल्या रात्री झोपताना घेतली की झालं.

खरी काळजी वजनाची. माझं पहिल्या वर्षात अकरा किलो वाढलं, कारण भूक मरतच नाही आणि इथे हाताशी ब्रेड नि चिप्स. निघण्यापूर्वी वजन, कंबर, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि कोलेस्टेरॉल करून घ्या. पुढे वर्षाला एकदा तरी. आणि काकू, रागावू नका, तो सिगारेट ओढतो का ते विचारा. धुरामुळे हे औषध लवकर संपतं. इथे महाग म्हणून एकदम सोडली, की त्याच डोसने रक्तातलं प्रमाण वाढतं, सुस्ती येते. जीपीला आधी सांगायचं. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बरळणं, असं एकत्र दिसलं तर थेट ९९९ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन. क्वचितच होतं, पण त्याच्या खोलीतल्या मित्राला माहीत असू दे.

विमानात फुकट मिळते म्हणून दारू घेऊ नको म्हणावं. गोळीवर झोप दुप्पट चढते, आणि दुबईला विमान बदलायचंय.