ऑपरेटिंग सिस्टिमची इनिट प्रोसेस (कर्नल बूट होताना सगळ्यात आधी चालू करतो ती, म्हणून तिचा प्रोसेस नंबर म्हणजे पीआयडी १) कमीत कमी किती छोटी असू शकते?

सी मधल्या वीस-पंचवीस ओळी पुरतात. सगळे सिग्नल ब्लॉक करायचे, एक फोर्क मारायचा म्हणजे प्रोसेसची दुसरी प्रत काढायची, त्या चाइल्डने सिग्नल परत उघडून सेटसिड करून (म्हणजे स्वतःचं वेगळं सेशन काढून) स्टार्टअप स्क्रिप्ट एक्झेक करायची, म्हणजे स्वतःच्या जागी ती चालवायची, आणि पॅरेंटने लूपमध्ये वेट करत बसायचं. मसल ही सी लायब्ररी लिहिणाऱ्या रिच फेल्करचा इनिट असाच आहे, सकलेस या छोटी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटाचा साइनिट त्यावरूनच निघाला. लिनक्स कर्नलला पीआयडी १ कडून एवढंच हवं असतं की त्याने मरायचं नाही आणि पॅरेंट मेलेल्या अनाथ प्रोसेस पदरात पडल्या की त्यांचे झॉम्बी (संपूनही यादीत उरलेल्या नोंदी) उचलायचे.

बाकीचं काम पीआयडी १ मध्ये घालूच नका. आमच्या एका डिव्हाइसमध्ये इनिटच सर्व्हिस चालू करायचा, पडली तर परत उठवायचा आणि कॉन्फिग फाइलही स्वतःच वाचायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं की सुपरवायझर, म्हणजे सर्व्हिसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम, वेगळा काढू, पण सीनियर म्हणाले, "अरे, एकाचं काम दोघांत कशाला वाटतोस?" मग कोणीतरी ती फाइल एडिट केली, शेवटच्या ओळीनंतरची न्यूलाइन गेली, फाइल वाचणारा पार्सर बफरच्या बाहेर वाचत सुटला आणि सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावला म्हणून क्रॅश! दुसरी कुठली प्रोसेस असती तर एकटी मेली असती, पण हा इनिट, त्यामुळे थेट कर्नल पॅनिक म्हणजे अख्खी सिस्टिमच बंद, पॅनिक झालं की रिबूट आणि बूट होताना परत तीच फाइल. सिरियल कन्सोलवर "अटेम्प्टेड टू किल इनिट" ही ओळ, एक्झिट कोड बी म्हणजे ११ (सेगफॉल्टचा सिग्नल नंबर), परत परत येत होती. शेवटी बूटलोडरमधून इनिटच्या जागी सरळ शेल दिला (हो, शेलसुद्धा इनिट म्हणून चालतो, फक्त एक्झिट टाइप केलं की परत पॅनिक), रूट फाइलसिस्टिम लिहिता येईल अशी रीमाउंट केली आणि फाइलच्या शेवटी एक एंटर मारला. एवढंच केलं आणि डिव्हाइस सुरू झालं.

"सिस्टिमडी (बहुतेक लिनक्समधला इनिट) पण सगळं एकातच करतो की" असं मला तेव्हा ऐकवलं होतं. करतो, पण त्याचा पीआयडी १ क्रॅश झाला तर बाहेर न पडता फ्रीझ होतो, ती काळजी त्यांनी घेतलीय, आमच्या इनिटमध्ये तसं काहीच नव्हतं.

हां, त्या पंचवीस ओळींत शटडाउन नाही, ते स्क्रिप्टनेच करायचं, आणि सुपरवायझर पडला तर वेटने दिलेला पीआयडी बघून त्याला परत उठवायच्या चार ओळी तुम्हालाच घालाव्या लागतील. कंटेनर असेल तर स्वतः लिहूच नका, टिनी हा कंटेनरसाठीचा तयार छोटा इनिट वापरा. पण तुमच्या टीममध्ये कोणी इनिटला कॉन्फिग वाचायला लावत असेल तर आत्ताच अडवा, सीनियर असले तरी.