ओटा फोडलेला, आणि ऐरोलीला मैत्रीण एकटी

ठाण्याच्या पाचपाखाडीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. इमारत अठ्ठावीस वर्षांची, खालच्या घरात गळती, म्हणून मार्चमध्ये घराचं काम काढलं. बाथरूम आणि संडास फोडून झालेत, ओटा काढलाय, शेगडी हॉलमध्ये स्टुलावर आहे. एकूण अंदाज ९,४०,००० चा, त्यातले ३,१०,००० देऊन झालेत. काम सुरू झाल्यावर अकराव्या दिवशी ऐरोलीच्या मैत्रिणीचे यजमान झोपेतच हार्ट अटॅकने गेले. वय ४६. दोन मुली, मोठी यंदा दहावीत जाणार. घराचं कर्ज अजून २२ लाखांचं, हप्ता ३१,०००. मैत्रीण घरी शिकवण्या घेते, त्याचे महिन्याला दहा-बारा हजार. ताई लिहितात: "हा मिस्त्रीसुद्धा भावोजींनीच (मैत्रिणीच्या यजमानांनी) गाठून दिला होता. लाद्यांच्या दुकानात उभी राहिले की मला लाज वाटते. काम आहे तिथे थांबवावं आणि तिला तीन लाख द्यावेत असं मनात आहे. तिने मागितलेले नाहीत. मिस्टर म्हणतात, द्यायचे तर गेले समजून दे."

ताई, काम थांबवू नका. तीन लाखही देऊ नका. पण तुम्ही जे करू शकता ते तीन लाखांपेक्षा जास्त किमतीचं आहे, ते सांगतो.

आधी तुमच्या घराचं. फोडलेलं बाथरूम तसंच ठेवून पैसे वाचत नाहीत. जूनमध्ये पाऊस धरला की मजूर गावी गेलेले असतात, उघड्या कोब्यातून खालच्या घराचं छत ओलं होतं आणि सोसायटीची नोटीस दारावर लागते. मग तेच काम ऑगस्टमध्ये नव्या मिस्त्रीकडून नव्या दराने. दुसऱ्याने अर्धवट टाकलेलं काम हातात घेताना कोणीही आधीचं सगळं उखडायला लावतो आणि त्याचे पैसेही लावतो.

तुम्ही पाठवलेल्या कागदावरून उरलेले ६,३०,००० असे आहेत: बाथरूम-संडासाचं वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग आणि लाद्या १,७०,०००, वायरिंग ७०,०००, ओटा आणि सिंक ६०,०००, ट्रॉल्या १,००,०००, हॉलचं फॉल्स सीलिंग ६५,०००, बेडरूमची कपाटं १,२५,०००, रंग ४०,०००. यातलं पाणी, वीज, ओटा आणि रंग आत्ताच करा. त्याचे झाले ३,४०,०००. ट्रॉल्या, सीलिंग आणि कपाटं दिवाळीनंतर केलीत तरी कुणाचं काही अडत नाही. त्याचे २,९०,००० मोकळे राहतात. सीलिंगमध्ये दिवे घ्यायचे असतील तर वायरिंगवाल्याकडून पॉइंटपर्यंत पाइप आणि वायर आत्ताच काढून ठेवून घ्या, म्हणजे नंतर भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही.

वॉटरप्रूफिंगच्या बाबतीत मात्र पैसे किंवा दिवस वाचवू नका. लाद्या लावायच्या आधी नहाणी ट्रॅप (सांडपाणी जाण्याचं तोंड) बंद करून बाथरूममध्ये चार बोटं पाणी भरायला लावा, ४८ तास तसंच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्यांकडे स्वतः जाऊन छत बघून या. मिस्त्री म्हणेल, "ताई, पंचवीस वर्षं करतोय." करू दे. पाणी भरा.

मिस्त्रीला उचल परत मागू नका, तो देणार नाही आणि त्या भांडणात महिना जाईल. त्याच्यासोबत बसून झालेल्या कामाचं माप घ्या आणि ३,१०,००० मधलं किती काम झालं, किती बाकी आहे ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. यापुढे पैसे कामाच्या पुढे जाऊ देऊ नका: पाण्याची परीक्षा पास झाली की एक हप्ता, लाद्या लागल्या की पुढचा. तुम्ही लिहिलंत की तो अंत्यविधीला आला होता. त्याला खरं कारण सांगा. सुतारकाम दिवाळीनंतर त्यालाच देणार असं कबूल केलंत तर तो कुरकुरणार नाही.

आता मैत्रिणीचं. तुम्ही लिहिता की तिच्याकडे "एलआयसीची एक छोटी पॉलिसी आहे बहुतेक, बाकी काही नाही." ताई, बारा वर्षं एकाच कंपनीत पगारावर असलेल्या माणसामागे "बाकी काही नाही" असं फार क्वचित असतं. कागद कपाटात असतात आणि उघडून बघायचं बळ घरात कुणाला नसतं. तुमचा खरा उपयोग तिथे आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली दोन स्टेशनं. एका शनिवारी सकाळी जा, मुलींना खाऊ-पिऊ घाला आणि दुपारी तिच्यासोबत ती फाइल उघडा.

पहिला कागद बँकेचं पासबुक. गेल्या वर्षीच्या मे महिन्याचं पान काढा. त्यात ४३६ रुपयांची नोंद दिसली तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची आहे. मृत्यू कोणत्याही कारणाने असो, २ लाख मिळतात, आणि अर्ज त्याच बँकेत करायचा. शेजारी २० रुपयांची नोंद असेल तर ती अपघात विम्याची, हार्ट अटॅकला तिचा उपयोग नाही. लोक या दोन ओळींची गल्लत करतात आणि चुकीचा अर्ज नाकारला गेला की बरोबरचाही करत नाहीत.

दुसरा कागद पगारपत्रक. पीएफ कापला जात असेल तर पीएफची शिल्लक, पत्नीला आणि २५ वर्षांपर्यंत मुलींना पेन्शन, आणि पीएफशी जोडलेला एक विमा, असे तीन वेगळे हक्क आहेत. तिसऱ्याचं नाव ईडीएलआय, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. हिशेब असा: शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी पगार, पण १५,००० पेक्षा जास्त धरत नाहीत, त्याच्या ३५ पट म्हणजे ५,२५,०००. त्यात पीएफमधल्या सरासरी शिलकीच्या निम्मे, कमाल १,७५,०००. दोन्ही मिळून वरची मर्यादा ७ लाख. बारा वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या घरी हा आकडा सातच्या आसपासच जातो. कंपनीच्या एचआरकडे तिन्ही गोष्टी नाव घेऊन मागा. "पीएफचं बघा जरा" असं म्हटलं तर ते फक्त शिल्लक बघतील.

ग्रॅच्युइटीचंही, म्हणजे नोकरीच्या वर्षांप्रमाणे कंपनी देते त्या रकमेचं, तसंच. तुम्ही पाहिलेल्या पगारपत्रकावर मूळ पगार ३२,००० आहे, डीए (महागाई भत्ता) वेगळा नाही. म्हणजे ३२,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १२ वर्षं. साधारण २,२१,५०० होतात. मृत्यू झाला असेल तर पाच वर्षांची अटही लागत नाही.

तिसरा कागद घरकर्जाचा, आणि यात सगळ्यात मोठी रक्कम लपलेली असू शकते. कर्ज देताना बँका बहुतेक वेळा विमा गळ्यात मारतात आणि त्याचा हप्ता कर्जातच मिसळतात. मंजुरीपत्रावरचा आकडा बघा. ३०,००,००० असा गोल असेल तर बहुधा विमा नाही. ३०,८४,००० असा विचित्र आकडा असेल तर वरचे ८४,००० कशाचे ते विचारा. तो विमा निघाला तर २२ लाखांतला मोठा भाग, कधी कधी पूर्ण कर्जच, विमा कंपनी फेडते. बँक आपणहून सांगेल याची वाट बघू नका, लेखी विचारा आणि पोच घ्या.

महापालिकेकडून मृत्यूच्या दाखल्याच्या निदान दहा प्रती घ्या. आणि यजमानांच्या एटीएम कार्डाने पैसे काढणं आजपासून बंद. घरात सगळ्यांना पिन माहीत असतो, सगळे काढतात, आणि पुढे बँकेत किंवा सासरी तोच वादाचा मुद्दा होतो. खातं जोडनावाने असेल आणि हयात असलेल्याला ते चालवता येत असेल तर तिने स्वतःच्या कार्डाने काढावेत.

एक नाजूक गोष्ट. गावी तिच्या सासूबाई आहेत असं तुम्ही लिहिलंय. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे यजमानांच्या वाट्याच्या मालमत्तेत पत्नी, मुली आणि आई यांचा समान हिस्सा असतो. फ्लॅटवर किंवा एफडीवर नॉमिनी म्हणून मैत्रिणीचं नाव असलं तरी ती मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय. आयुर्विम्याचं वेगळं आहे. तिथे २०१५ च्या दुरुस्तीनंतर पत्नी नॉमिनी असेल तर पैसे तिचेच. सासूबाई भल्या आहेत असं तुम्ही म्हणता. तरीही निदान सहा महिने कुणीही कुणाच्या हक्कसोडपत्रावर सही करू नये, तिनेही नाही आणि त्यांनीही नाही.

मग पैसे किती द्यायचे? तिची आत्ताची अडचण लाखांची नाहीये, पुढच्या तीन महिन्यांची आहे. यजमानांचं खातं बँकेने गोठवलं की तिथून जाणारा हप्ता बाउन्स होतो आणि दंड लागतो. तीन हप्ते म्हणजे ९३,०००. शाळा, किराणा आणि वीजबिलाला शिकवण्यांच्या वर महिन्याला पंधरा हजार धरले तर ४५,०००. एकूण १,३८,०००. तोवर विमा आणि ग्रॅच्युइटी यायला लागेल.

यातले ४५,००० मदत म्हणून द्या, आणि इथे तुमच्या मिस्टरांचं अगदी बरोबर आहे: गेले समजून द्या. उरलेले ९३,००० हातउसने, दरमहा ३१,००० हप्त्याच्या आधी. सगळे एकरकमी देऊ नका. एकरकमी पैसे घरात आले की कोणीतरी नातेवाईक त्यांना कामाला लावतो.

मदतीचा आकडा पन्नास हजारांच्या आत ठेवण्याला कारण आहे. मैत्रीण कायद्याने "नातेवाईक" नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात ५०,००० पेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली की सगळीच्या सगळी तिचं उत्पन्न धरली जाते, फक्त वरची नव्हे. आणि मर्यादा माणशी नाही, सगळ्यांची मिळून आहे. म्हणजे तुम्ही ४५,००० आणि मिस्टरांनी आणखी ४५,००० अशी वाट निघत नाही, शेजाऱ्यांनी काढलेली वर्गणीही त्यातच मोजतात. तिचं उत्पन्न पाहता कर बहुधा लागणार नाही, पण या वर्षी तिच्यामागे एक कागद कमी लागलेला बरा. उसने पैसे हे उत्पन्न नाही, पण २०,००० किंवा जास्त उसने रोखीत देता-घेता येत नाहीत. बँकेतूनच पाठवा, आणि व्हॉट्सअॅपवर एक ओळ: "३१,००० हातउसने, व्याज नाही, विम्याचे आले की बघू." मैत्रीत लिहून घ्यायला अवघड वाटतं, मलाही वाटतं. पण तीच ओळ तिलाही हलकं करते, कारण नेमकं किती देणं आहे ते तिला माहीत राहतं.

तीन लाख का नको? तुमचा महिन्याचा खर्च ८५,००० आहे आणि अडीअडचणीची एफडी ४ लाखांची, म्हणजे पावणेपाच महिने. मिस्टरांची नोकरी खासगी. त्या एफडीला हात लावायचा नाही, आणि कामासाठी टॉप-अप (चालू कर्जावर वाढीव) कर्जही काढायचं नाही. मोकळ्या झालेल्या २,९०,००० मधून १,३८,००० गेले की १,५२,००० उरतात. ते दिवाळीपर्यंत वेगळ्या खात्यात पडू द्या. तिचे पैसे अडकले तर चौथा आणि पाचवा हप्ता त्यातून निघेल.

आणि तिचे पैसे यायला लागले की तुम्ही आणखी एकदा ऐरोलीला जा. माझ्या वडिलांच्या दिवसकार्यानंतर आठवडाभरात बँकेतले एक ओळखीचे गृहस्थ आईकडे आले, चहा घेतला, डोळे पुसले आणि आलेल्या विम्याच्या रकमेतून एकरकमी हप्त्याची पॉलिसी विकून गेले. पाच वर्षं पैसे अडकले. मी तेव्हा याच, पैशांचा सल्ला देण्याच्या, धंद्यात होतो, फक्त त्या दिवशी घरी नव्हतो. तेव्हा मैत्रिणीला सांगा की सहा महिने उत्तर एकच, "पैसे एफडीत आहेत." कर्ज फेडायची घाईही नको, आधी विम्याचा निकाल लागू दे. एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण असतं, म्हणून रक्कम दोन-तीन बँकांत विभागून ठेवा.

लाज वाटण्याचं म्हणाल तर ते माझ्या हिशेबाच्या वहीत बसत नाही. पण लाद्यांचे फोटो तिच्यापासून लपवून ठेवताय असं लिहिलंत, ते मला खटकलं. चार महिन्यांपूर्वी मोरपंखी की पांढरी यावर तुमच्यासोबत वाद घालणारी तीच होती ना? शनिवारी फाइल मिटल्यावर फोटो दाखवा. नको म्हणाली तर फोन ठेवून द्या.

त्याआधी, आज संध्याकाळीच, सुताराला फोन करा. कपाटाचं प्लाय दुकानातून उचललं नसेल तर ऑर्डर थांबते. एकदा मापाने कापलं की कोणी परत घेत नाही.