बंगाली संगीत, नृत्य आणि नाटकावर कोणकोणत्या धर्मांचा आणि संस्कृतींचा प्रभाव आहे?

यादीच हवी असेल तर ती दोन ओळींत होते: वैष्णव, शाक्त, शैव, बौद्ध, सूफी, ब्राह्मो, चिमूटभर ख्रिस्ती आणि वरून इंग्रजी रंगभूमी. परीक्षेत मार्क मिळतील. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ‘यात हिंदू प्रभाव कुठे संपतो आणि मुस्लिम कुठे सुरू होतो तेच कळत नाही’, म्हणून जरा लांबण लावते. नवऱ्याच्या बदलीमुळे मी साडेचार वर्षं दक्षिण कोलकात्यात काढली. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांची मी ‘बौदी’ झाले, म्हणजे वहिनी. नातं लावल्याशिवाय तिथे बोलणंच सुरू होत नाही. गाण्यांचंही तसंच आहे, हे कळायला मला वर्ष लागलं. बंगालमध्ये देव गाण्यात येतो तो कुणाची तरी लेक, कुणाची आई, कुणाचा आजोबा होऊन. धर्मांची सरहद्द शोधण्यापेक्षा हे नातं धरून ऐकलंत तर गुंता बराच सुटेल.

मला ते पहिल्यांदा दिसलं खालच्या मजल्यावरच्या मासिमांच्या यजमानांच्या श्राद्धाला. आपल्याकडे श्राद्धाला गाणं म्हटलं तर भुवया वर जातील. तिथे मंडप, रजनीगंधाच्या माळा, आणि मधोमध पदावली कीर्तन. पांढऱ्या साडीतली कीर्तनिया, पेटीवाला, झांजा, आणि गळ्यात ‘खोल’ अडकवलेले दोघं. खोल म्हणजे मातीच्या खोडाचा मृदंग. डावं तोंड मोठं, उजवं पार लहान, त्यामुळे उजवीकडचा बोल टणकन उडतो. राधा-कृष्णाचं कीर्तन म्हणून बसले, तर पहिली वीस मिनिटं बंगालचे वैष्णव संत चैतन्य महाप्रभूंचंच गाणं. मी चुळबुळ करायला लागले तेव्हा शेजारच्या काकिमांनी सांगितलं, ही गौरचंद्रिका. गौरांगांची, म्हणजे चैतन्यांची, आठवण काढल्याशिवाय राधेच्या दारात जायचं नाही, असा दंडक.

मग ‘माथुर’ सुरू झालं. कृष्ण मथुरेला निघून गेलाय, गोकुळ मागे राहिलंय. मूळ पद ब्रजबुलीत, म्हणजे मैथिली आणि बंगाली मिसळून कवींनी घडवलेल्या भाषेत. घरी ती कुणीच बोलत नव्हतं. विद्यापतीच्या मैथिली पदांचा बंगालवर इतका जीव जडला की त्यासाठी एक भाषाच तयार झाली. कीर्तनियेनं एक ओळ घेतली, थांबली, आणि तालाच्या आतच साध्या बंगालीत स्वतःचे शब्द घालायला लागली: गेला, सांगून नाही गेला, दारात उभं राहून एकदा मागे वळला असता तरी चाललं असतं. याला ‘आखर’ म्हणतात. आपले बुवा अभंग गातात आणि मग थांबून गद्यात निरूपण करतात; इथे निरूपणही सुरात आणि तालातच होतं. त्या दिवसापर्यंत मासिमा रडल्या नव्हत्या. तिसऱ्या आखराला रडल्या. कृष्ण कोण आणि गेलेलं माणूस कोण, हे तिथे कुणी वेगळं करत बसलं नाही.

या परंपरेचा उगम चैतन्यांपाशी (१४८६–१५३४), नवद्वीपच्या रस्त्यावर घोळक्यानं नाम गात जाणाऱ्या नगरसंकीर्तनात. पुढे काही दशकांनी नरोत्तमदासांनी खेतुरीच्या मेळ्यात त्याला ध्रुपदाच्या संथ चालीचा साज चढवला. तिथून गरानहाटी ढंग निघाला आणि मनोहरशाही वगैरे इतर ढंगही आले. पण मला त्या काळातली एकच गोष्ट सांगायची आहे. नवद्वीपच्या काझीनं संकीर्तनावर बंदी घातली, मृदंग फोडला. चैतन्य मोठा जमाव घेऊन गात गात त्याच्या दारात गेले. ‘चैतन्य-चरितामृत’ या त्यांच्या चरित्रग्रंथात काझी बाहेर येऊन काय म्हणतो? तुझे आजोबा नीलांबर चक्रवर्ती गावच्या नात्यानं माझे काका लागतात, म्हणजे तू माझा भाचा. आणि रक्ताच्या नात्यापेक्षा गावचं नातं खरं. मग बोलणं होतं आणि बंदी उठते. ग्रंथ भक्तानं लिहिलेला आहे, हे धरूनच वाचायचं. पण तडजोडीसाठी कवीला सुचलं ते नातंच.

(आपला एक धागाही त्याच ग्रंथात आहे. दक्षिणयात्रेत चैतन्य पंढरपूरला येतात, आणि संन्यास घेऊन निघून गेलेला आपला थोरला भाऊ विश्वरूप इथेच देह ठेवून गेला, हे त्यांना तिथे कळतं.)

शाक्तांकडे, म्हणजे देवीच्या उपासकांकडे, वळलं की मराठी माणसाला काही समजावून सांगावंच लागत नाही. आपल्या भाद्रपदात गौरी तीन दिवस माहेरी येतात. तिथे आश्विनात उमा येते, तीही तीनच दिवस: सप्तमी, अष्टमी, नवमी. ‘आगमनी’ची गाणी म्हणजे तिची आई मेनका नवऱ्याच्या, हिमालयाच्या, मागे लागलेली: वर्ष झालं, लेकीला आणायला जा, जावई गांजा ओढतो, स्मशानात राहतो, पोरीच्या पोटात काय पडत असेल. ‘विजया’ची गाणी म्हणजे नवमीच्या रात्रीला ‘उजाडू नकोस’ म्हणून विनवणं. आणि ही विनवणी करणारं एक गाजलेलं सुनीत कुणाचं? १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या मायकेल मधुसूदन दत्तांचं! धर्म बदलला, पण मेनकेची नवमीची रात्र काही त्यांना सुटली नाही. काही जुन्या घरांत दशमीला देवीला शिळा, पाण्यात भिजवलेला भात आणि अळूची भाजी दाखवतात. आपली भाजी-भाकरी आठवली ना?

काली मात्र आई आहे, आणि आईशी भांडता येतं. अठराव्या शतकातले हालिशहरचे रामप्रसाद सेन तिला सरळ विचारतात की तेल्याच्या घाण्याच्या, डोळे बांधलेल्या बैलासारखं मला किती फिरवणार आहेस? त्यांची ‘रामप्रसादी’ चाल इतकी साधी की नाव हाकणाऱ्यालाही जमावी. विसाव्या शतकात याच श्यामासंगीताला, म्हणजे कालीच्या गाण्यांना, सर्वांत मोठा हात लावला तो कवी काझी नजरुल इस्लाम यांनी, ज्यांनी बंगालीत गझल रुजवली आणि ज्यांच्या रोज्यांवरच्या गाण्याशिवाय आज बंगालमधली ईद होत नाही. ग्रामोफोनच्या काळात के. मल्लिक नावाचा गायक श्यामासंगीतासाठी घराघरांत पोचला होता. खरं नाव मोहम्मद कासेम. नाव बदलावं लागलं, यातही बरंच काही आलं. कालीला आई म्हणायला आडकाठी नव्हती, पण रेकॉर्डवर ‘कासेम’ छापलं तर खपेल का, ही धास्ती होती.

शंकराची तऱ्हा तर भारीच. मालदा जिल्ह्यातली ‘गंभीरा’ चैत्राच्या अखेरीची. मध्ये शंकराचं सोंग बसवायचं आणि त्याला ‘हे नाना’ म्हणून हाक मारून वर्षभराचा जाब विचारायचा: पाऊस कुठे होता, भाव का चढले, रस्त्याचे पैसे कुणी खाल्ले. नाना म्हणजे आईचे वडील, आणि हा शब्द बंगालमध्ये मुख्यतः मुसलमान घरातला. फाळणीनंतर ही गंभीरा सीमेपलीकडे चांपाई नवाबगंज आणि राजशाहीकडेही रुजली. तिथे शंकर हळूहळू गळून पडला आणि राहिले ते फक्त नाना आणि नाती. (‘नाती’ म्हणजे बंगालीत नातू, फसू नका.) नाना लुंगी नेसलेला, दाढीवाला, हातात काठी, नातू फाटक्या गंजीफ्राकात, पायात घुंगरू. नातू कुरकुरतो, नाना समजूत घालता घालता सरकारलाच चिमटे काढतो. देव गेला तरी खेळ चालू राहिला, कारण तो मुळात आजा-नातवाच्या भांडणावर उभा होता. तुमच्या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक जवळून पाहिलेलं. पश्चिम मेदिनीपूरच्या पिंगला भागातलं नया हे पटुआंचं गाव. हे लोक लांबलचक कागदी पट रंगवतात आणि तो उलगडत, एकेका चित्रावर बोट ठेवत गातात. याला ‘पटेर गान’ म्हणतात. कोलकात्यात हस्तकलेच्या जत्रेत एका बाईंनी मला मनसा या नागदेवीचा पट गाऊन दाखवला. सर्पदंशानं मेलेल्या नवऱ्याचं प्रेत घेऊन बेहुला केळीच्या तराफ्यावरून स्वर्गापर्यंत जाते आणि इंद्राच्या सभेत नाचून त्याचा जीव परत मिळवते. त्या नाचाच्या चौकटीवर बाईंचं बोट थांबलं, आवाज चढला, मग पट पुढे सरकला. मी विकत घेतला आणि शहाणपणानं विचारलं, घरी मनसेची पूजा करता ना? त्या हसल्या. म्हणाल्या, आम्ही नमाज पढतो दीदी, पूजा तुम्ही करा, गोष्ट आम्ही सांगतो. पटुआ बहुतेक मुसलमान असतात आणि आडनाव लावतात ‘चित्रकर’. माझे कान लाल झाले.

सुंदरबनात मध काढायला जाणारे हिंदू-मुसलमान दोघंही बोनबीबीला, म्हणजे जंगलाच्या राखणकर्तीला, हात जोडून जंगलात शिरतात. तिच्या कथेची जुनी छापील पोथी बंगालीत असूनही अरबी पुस्तकासारखी उजवीकडून उघडते. तिच्या ‘पाला’त, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाटकात, दुखे नावाच्या गरीब पोराला काकानं वाघरूपी दक्षिण रायसाठी बेटावर सोडलेलं असतं. तो ‘मा’ म्हणून हाक मारतो आणि ती येते. त्याआधीच दक्षिण रायच्या आईशी तिची लढाई झालेली असते, आणि त्या लढाईच्या शेवटी दोघी एकमेकींच्या ‘सई’, मैत्रिणी, झालेल्या असतात.

बाउलांबद्दल, म्हणजे एकतारा घेऊन फिरणाऱ्या गायक-साधकांबद्दल, सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. नेपाळात १९०७ मध्ये हरप्रसाद शास्त्रींना सापडलेली बौद्ध सिद्धांची चर्यापदं (जुनी गूढ गाणी), वैष्णव सहजिया पंथ आणि सूफी फकीर, हे तिन्ही प्रवाह त्यांच्या ‘देहातच शोध’ या विचारात येऊन मिळतात. लालन फकीर (मृत्यू १८९०) जातीचा प्रश्न विचारणाऱ्यालाच उलटा प्रश्न विचारतो. पोस्टाची पत्रं वाटणाऱ्या गगन हरकराची बाउल चाल रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये उचलली आणि तीच आज बांगलादेशच्या राष्ट्रगीताची चाल आहे.

रवींद्रनाथ माझ्या या नात्याच्या हिशेबात सरळ बसत नाहीत. घर ब्राह्मो समाजाचं, देव निराकार. निराकाराला लेक कशी म्हणणार? म्हणून ब्राह्मो उपासनेचं गाणं आधी विष्णुपूरच्या ध्रुपदाकडे गेलं: गंभीर, चार तुकांचं, अश्रूंना फारशी जागा नसलेलं. मात्र नृत्यात त्यांनी जे केलं त्याची वाट गंमतशीर आहे. १९१९ मध्ये सिल्हेटला मणिपुरी नाच पाहून ते इतके भारावले की शांतिनिकेतनात मणिपुरी गुरू आणले. पण मणिपुरी रासाला घडवणारा वैष्णव धर्म मुळात बंगालमधूनच तिकडे गेलेला. नवद्वीपहून गेलेली गोष्ट अंगभर घागरा लेवून परत आली. १९२६ च्या ‘नटीर पूजा’त राजनर्तकी बुद्धाच्या स्तूपापुढे नाचता नाचता एकेक दागिना उतरवते आणि त्यासाठी मरते. भद्र घरातल्या मुलीनं रंगमंचावर नाचायचं म्हणजे बोभाटा होणारच. पुढे कोलकात्याच्या प्रयोगात रवींद्रनाथांनी भिक्षू उपालीची भूमिका घालून स्वतःच मंचावर प्रवेश केला, की बोला आता काय बोलायचंय ते.

नाटकाचं एकच सांगते. चैतन्यांनी नवद्वीपला चंद्रशेखर आचार्यांच्या अंगणात रुक्मिणीचं सोंग घेतलं होतं. जात्रा या नाट्यप्रकाराची वंशावळ लोक तिथूनच सांगतात. (आपली जत्रा देवाची, त्यांची ‘जात्रा’ नाटकाची, शब्द एकच.) जवळपास पावणेचारशे वर्षांनी, २१ सप्टेंबर १८८४ ला, कोलकात्याच्या स्टार थिएटरात गिरीशचंद्र घोषांच्या ‘चैतन्यलीला’त चैतन्य झाली होती विनोदिनी दासी, वेश्यावस्तीतून आलेली नटी. प्रेक्षकांत रामकृष्ण परमहंस होते. त्यांनी तिला आशीर्वाद दिला. तोवर सभ्य लोक थिएटरकडे नाक मुरडत. नंतर त्याच रामकृष्णांची तसबीर मेकअपच्या खोल्यांत लागली.

हे सगळं वाचून बंगाल म्हणजे भावकीचा गोडवा असं वाटायला नको. बाउलांचे केस कापले गेलेत, एकतारे मोडलेत, कट्टर लोकांनी दोन्हीकडून त्यांना हाणलंय. पटुआंना पूर्वी धड हिंदू आपलं म्हणत नव्हते, धड मुसलमान. आणि भावकीत मारामाऱ्या होतात हे आपल्याला कुणी सांगायला नको.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर पौष संक्रांतीला बीरभूममध्ये अजय नदीकाठच्या केंदुलीला जा. ‘गीतगोविंद’कार जयदेवाच्या नावाची जत्रा असते आणि तिथे रात्रभर गातात ते बाउल-फकीर. चैत्राच्या शेवटी जमलं तर पुरुलियाला छऊ हा मुखवट्यांचा नाच आणि शिवाचा गाजन हा उत्सव पाहा. बाघमुंडीजवळच्या चडिदा गावात मुखवटे करणाऱ्यांच्या ओसरीवर दुर्गा आणि महिषासुर शेजारी शेजारी वाळत ठेवलेले दिसतील. केंदुलीला नदीकाठची थंडी बेकार असते, घोंगडी न्या, आणि मंडपात मागे बसू नका, खोलाचा उजवा बोल तिथपर्यंत नीट पोचत नाही.