वहाळातल्या त्या माशाबद्दल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. शेपटीजवळचा काळा ठिपका, नराच्या अंगावरची ती झाक! मासा देखणा आहे खरा. नवीन जात असेल का, असं विचारलंस. असेलही. फोटोवरून मी ते सांगणार नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगितलंच तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

पण शक्यता मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीतून उतरतात आणि थोडं वाहून खाऱ्या खाडीला मिळतात. बोटभर लांबीचा गोड्या पाण्यातला मासा खाडी ओलांडून शेजारच्या नदीत जाणार कसा? वर डोंगर, खाली खारं पाणी. पिढ्यान्‌पिढ्या असे कोंडलेले मासे हळूहळू वेगळे होत जातात. पेथिया लुटिया हा पिवळसर बार्ब (कार्पच्या कुळातला छोटा मासा) २०१४ साली इथल्याच पश्चिमवाहिनी नद्यांतून नोंदला गेला. शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा तर आंबोलीला देवळाच्या कुंडात सापडला, २०२० मध्ये. (हिरण्यकेशी पूर्वेला वाहते, म्हणजे तो हिशेब थोडा वेगळा, पण जिल्हा आपलाच.) आणि जोगेश्वरीच्या विहिरीतला तो बिनडोळ्यांचा ईल! एवढ्या गजबजलेल्या मुंबईत त्याला नाव मिळायला २०२१ उजाडलं.

आता कामाचं. मासा जिवंत असताना छोट्या काचेच्या टाकीत त्याचे फोटो काढ, कारण फॉर्मॅलिनमध्ये रंग उडतात. डीएनएसाठी पराचा तुकडा त्याआधीच अल्कोहोलमध्ये ठेव. मग खवले मोजायला बस. अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवर छिद्रं असलेले खवले किती, पाठीच्या परातला फाटे न फुटलेला शेवटचा काटा दातेरी आहे का, तोंडाशी मिशा आहेत का. एकाच माशाचं नको. नर, मादी, लहान, मोठे, सगळ्यांचं मोज. शेजारच्या नद्यांतलेही हवेत. फ्रान्सिस डे यांचे भारतातल्या माशांवरचे १८७५-७८ मधले ग्रंथ उघड आणि एकेक वर्णन ताडून बघ. कंटाळवाणं आहे, पण खरी झिंग तिथेच चढते: हेही नाही, तेही नाही, करता करता यादी संपते, तरी तुझा मासा आपला उरलेलाच. त्या रात्री झोप येत नाही.

गावातल्या पोरांना विचार. वळगणीला, म्हणजे सुरुवातीच्या पावसात, मासे प्रवाहाविरुद्ध चढतात तेव्हा हा त्यांच्या हाती लागतच असणार. ते त्याला काय म्हणतात, वहीत लिहून ठेव.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. जागा कुणालाही कळवू नकोस, फोटोत लोकेशन ठेवू नकोस. केरळ-कर्नाटकातल्या डेनिसन बार्बला १८६५ पासून नाव होतं. नव्वदच्या दशकानंतर मत्स्यालयाच्या बाजारात त्याला भाव आला आणि आज तो धोक्यातल्या प्रजातींत आहे. एका वहाळापुरता असलेला मासा तर पकडणाऱ्यांच्या दोन फेऱ्यांत संपेल. महाडजवळच्या वाळणकोंडीसारखा देवाचा डोह असेल, तर तिथे जाळं टाकायचंच नाही.

नवीन जात ठरली तर तिचा नमुना अधिकृत संग्रहालयात जमा करावा लागतो, २००२ च्या जैवविविधता कायद्यातच तसं आहे. तो भाग पुढचा. आधी वनखात्याच्या परवानगीसाठी अर्ज लिही, मसुदा मला पाठव, आणि पुढे काही करण्याआधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला भेटून ये.

तुझे,
सर